नानांचं ड्रिल: आधी अर्थिंग, मग वीज

कोल्हापूर
जूनचा दुसरा आठवडा

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे, माझी शुगर ठीक, हिचं पित्त ठीक. पत्र मोठं होणार आहे, तेव्हा जेवून घे आणि मग वाचायला बस.

नानांचं ड्रिल मशीन काकूंनी तुझ्या हाती दिलं हे वाचून फार बरं वाटलं. ते तुझ्याकडेच जायला हवं होतं. पण पुढच्याच ओळीत तू लिहितोस, "चालू होतं, फक्त हाताला जरा मुंग्या येतात, चप्पल घातली की काही नाही." हे सगळं पत्र त्या एका ओळीसाठी आहे. मी खाली लिहितोय ते पूर्ण होईपर्यंत त्याचा प्लग सॉकेटला लावू नकोस. ओंकारला तर सांगूनच ठेव.

मुंग्या म्हणजे बॉडीवर करंट आलेला आहे. आज तो एखाद-दुसरा मिलिअँपिअर असेल. ओली लादी आणि घामेजलेला हात मिळाला की तोच वाढतो. दहा मिलिअँपिअरच्या पुढे गेला की बोटं आवळली जातात, सोडता येत नाहीत. आणि ड्रिलची मूठ आवळली म्हणजे स्विचही दाबलेलाच राहतो. हल्लीच्या प्लॅस्टिक बॉडीच्या मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यात दुहेरी इन्सुलेशन असतं, अर्थिंग लागत नाही. नानांचं मशीन अख्खं ॲल्युमिनियमचं. त्याला अर्थिंगशिवाय दुसरा आधार नाही.

आता उघडायचं. आधी कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन ब्रश, काढ. डावा-उजवा आणि वरची बाजू पेन्सिलने खूण करून ठेव, कारण ते कॉम्युटेटरच्या, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या ड्रमच्या, गोलाईला बसलेले असतात. उलटे घातले तर उगाच ठिणग्या उडतात. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी उरले असतील तर जोडी बदल, एकटा बदलू नकोस. दुकानात नेमकं माप मिळालं नाही तर किंचित मोठा घे आणि सपाट काचेवर झीरो पेपर (बारीक पॉलिश पेपर) ठेवून घास. होल्डरमध्ये तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडकला तर स्प्रिंग त्याला कॉम्युटेटरपर्यंत ढकलू शकत नाही.

मागचं झाकण काढलंस की तीन ठिकाणी बघ. पहिलं, स्विचजवळ छोटा कपॅसिटर असेल, रेडिओची खरखर थांबवायला घातलेला. त्याची एक वायर बॉडीला असते. जुना झाला की तो झिरपतो, आणि मुंग्यांचं कारण पुष्कळदा तोच निघतो. काढून टाक, मशीन त्याच्याशिवाय चालतं. दुसरं, ब्रश होल्डरभोवती साचलेली काळी पूड. ती कार्बनची, म्हणजे वीज वाहणारी. कोरडा ब्रश आणि ब्लोअर, बस्स. तुझी ती लाडकी स्प्रेची बाटली इथे आणू नकोस! तेलात ती पूड कालवली जाते आणि तो लेप पुसून निघत नाही. तिसरं, कॉर्ड जिथे मुठीत शिरते तिथलं रबर. तिथे वायर हमखास चिरलेली असते.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र. कुडाळात रिवाइंडिंगवाल्याकडे असेलच, ५०० व्होल्टचा. प्लगच्या दोन बारीक पिना एकत्र जोडायच्या, दुसरं टोक बॉडीच्या खरवडलेल्या धातूला. आणि मशीनचा स्विच दाबून धरायचा, नाहीतर तपासणी फक्त कॉर्डची होते. आतल्या वाइंडिंगपर्यंत ती पोचतच नाही. २ मेगओहमच्या वर असेल तर छान. १ च्या खाली असेल तर मशीन चालवायचं नाही. तुमच्याकडच्या दमट हवेत बंद पडून असलेलं मशीन कमी दाखवणारच, घाबरू नकोस. आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) आणि फील्ड कॉइल (त्याभोवतीचं स्थिर वाइंडिंग) पत्र्याच्या डब्यात ६० वॉटच्या साध्या बल्बसोबत रात्रभर ठेव. हात टेकवला तर जेमतेम सोसेल इतकीच ऊब हवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज. आकडा चढला तर ओल होती. नाही चढला तर इन्सुलेशन गेलंय आणि रिवाइंडिंग आलं.

गिअरबॉक्समधलं ग्रीस मेणासारखं झालं असेल. गिअर रॉकेलने धू, आर्मेचरला मात्र रॉकेलचा थेंब लागू देऊ नकोस. नवं लिथियम ग्रीस अर्ध्यापेक्षा थोडं जास्त भर. ठासून भरलंस तर ते तापून पातळ होतं आणि सीलमधून कॉम्युटेटरवर उतरतं. बेअरिंगवरून आपण जे भांडलो होतो, विज्या साक्षीला आहे, त्यात माझं मत तसूभरही बदललेलं नाही: शाफ्टवर बसवताना जोर आतल्या रिंगवरच, तेवढ्या मापाचा पाइप ठेवून. बाहेरच्या रिंगवर ठोकलंस की गोळ्यांचे खळगे पडतात आणि मशीन पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. नंबर जुन्याच्या कडेवर कोरलेला असतो, तो वाचूनच दुकानात जा.

आता मुख्य गोष्ट. नवी कॉर्ड तीन वायरची, १ चौरस मिलिमीटरची. हिरवी-पिवळी वायर, म्हणजे अर्थची, रिंग लग (टोकाची धातूची कडी) दाबून बसवून, रंग खरवडलेल्या धातूवर, दातेरी वॉशर घालून आवळ. प्लगच्या आत ती बाकी दोघींपेक्षा लांब ठेव, म्हणजे कॉर्डला हिसका बसला तर सगळ्यात शेवटी तुटेल. प्लगची जाड पिन ते बॉडी, मल्टिमीटरवर १ ओहमच्या आत यायला हवं.

आणि इथून माझी खरी काळजी सुरू होते, कारण तुमच्या पडवीतला तो सॉकेट मला आठवतो. जाड पिनेचं भोक आहे, पण त्याच्यामागे काय आहे? मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून, तो उघड. हिरवी वायर नसेलच, तर निदान कळलं तरी. पण न्यूट्रलवरून तुकडा घेऊन अर्थच्या पिनेला जोडलेला असेल तर तो आधी तोड. टेस्ट लॅम्प त्यावर झकास पेटतो आणि अर्थिंग असल्याचा भास होतो. मागे कुठे न्यूट्रल तुटली की ड्रिलची बॉडी थेट २३० व्होल्टवर येते. पुढे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असली तरी ती आंधळी, कारण गळणारा करंट न्यूट्रलमधूनच परत जातो.

नवी अर्थिंग काढलीस तरी जांभ्यावर भिस्त ठेवू नकोस. आत्ता पावसात ती चांगली दिसेल, एप्रिल-मेमध्ये जांभा कोरडा ठणठणीत झाला की बघ. समज, १० ओहम आली. २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर. तुमची १६ अँपिअरची एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) तेवढ्यावर बराच वेळ ढिम्म राहते आणि तोवर बॉडी जिवंतच. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. अर्थिंग जोडलेली असेल तर मशीन बिघडताक्षणी ती पडते, कुणाचा हात लागायची वाट बघत नाही. महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाब. खर्च होईल. स्लॅबच्या पैशांतून काढ, दादाशी बोल, मला सांग, पण हे टाळू नकोस.

रंगाचं म्हणशील तर बॉडी फक्त पूस. मुठीवरचा पोचा तसाच राहू दे, तिथे नानांचा अंगठा बसायचा.

वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? ओंकारला आयटीआयला फिटर मिळालं की इलेक्ट्रिशियन? बागेचं नंतर सविस्तर लिही.

कार्बनखाली बारीक निळसर ठिणगी चालते. कॉम्युटेटरभोवती आगीचं कडं फिरलं तर लगेच बंद कर आणि आर्मेचर एसटीच्या पार्सलने इकडे पाठव. उद्यमनगरात ग्रोलरवर, म्हणजे आर्मेचरचं वाइंडिंग तपासायच्या यंत्रावर, तपासून घेतो. कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांमधलं अभ्रक वर आलं असेल तर लेथवर हलका कट मारून अर्धा मिलिमीटर खोल कोरून आणतो.

काकूंना नमस्कार. मेगरचा आकडा आला की त्याच दिवशी फोन कर.

तुझा,
बंड्या

ता. क. चकची चावी कॉर्डला प्लगजवळच बांध, मुठीजवळ नाही. प्लग काढल्याशिवाय ती चकपर्यंत पोचताच कामा नये. यावर वाद नको.