दोन हंगामांचा शब्द

एरंडोल,
गुरुवार

चि. सौ. मीनल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा मी कळण्याच्या भाकरी थापत होते आणि माझे हात पिठाचे असल्यामुळे अण्णांनी फोन माझ्या कानाशी धरलेला होता. त्यामुळे "आई, अण्णांचं आदिलाबाद माझ्या गळ्यात बांधू नकोस" हे तुझे वाक्य त्यांनीही ऐकले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फोनला लागलेले पीठ धोतराच्या सोग्याने पुसले, फोन कोनाड्यात ठेवला आणि त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली. हे तुला बोचावे म्हणून लिहीत नाही. तेहतीस वर्षे फळ्यासमोर उभी राहिलेली बाई दोन मिनिटांच्या फोनवर मुद्दा मांडू शकत नाही, एवढेच या पत्राचे कारण समज.

पहिली गोष्ट ही की मी "सरळ नाही म्हण" असे म्हणाले ते माझे चुकले आणि ते शब्द मी मागे घेते. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला जावे की न जावे, की ही नोकरीच सोडून तळेगावच्या कंपनीत जावे, हे तू आणि सुहासरावांनी मिळून ठरवायचे आहे. त्या गावाचे नाव मी १९९१ च्या मे महिन्यात राजीव गांधींच्या हत्येच्या बातमीत पहिल्यांदा वाचले होते. तिथे आता मोटारींचे एवढे कारखाने आहेत आणि त्यातल्या एका कारखान्यातील गुणवत्तेची सगळी जबाबदारी आपल्या मीनलकडे द्यावी असे कोणाला वाटते, हे मी आतापर्यंत गल्लीतल्या निदान चार घरी सांगून झाले आहे. तेव्हा माझा विरोध जाण्याला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की तुझ्या साहेबांनी "अठरा महिने काढा, मग तुम्हाला चाकणला विभागप्रमुख म्हणून परत आणतो" असे जे सांगितले, ते त्यांनी कागदावर द्यावे.

अण्णांना त्यांच्या जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचे, मालक शेठजींनी जे सांगितले ते तुला ठाऊक आहे, पण ते कसे सांगितले हे मी कधी सांगितलेले नाही. १९९६ च्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, जिनिंगच्या ओट्यावर, काट्याला आलेल्या कापसाच्या गाड्यांकडे पाहत, बशीतला चहा पिता पिता शेठजी म्हणाले, "दिवाणजी, आदिलाबादला नवीन जिन घेतलं आहे, विश्वासाचा माणूस हवा. दोन हंगाम काढा, तिसऱ्याला तुम्ही इथे माझ्या गादीशेजारी." अण्णांनी घरी येऊन हे मला सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा नवरदेवासारखा झाला होता. मीही तेव्हा "कागद कुठे आहे" असे विचारले नाही, कारण शेठजींकडे कागद मागणे हा त्या काळी अपमान समजला जाई, आणि शेठजी खोटे बोलणारे नव्हतेच. ते मनापासून बोलले होते. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर त्यांना अर्धांगवायू झाला, कारभार पुतण्यांकडे गेला आणि पुतण्यांना असा काही शब्द दिल्याचे ठाऊकच नव्हते. फसवणारा माणूस भेटला तरच घात होतो असे नाही, मीनल. तुझे साहेबही भले असतील. पण तूच मागच्या महिन्यात म्हणालीस की ते स्वतः दुसरीकडे मुलाखती देत आहेत. ते गेले तर त्यांचा शब्द कोणाच्या टेबलावर राहील?

दोनाचे सात हंगाम झाले. भुसावळहून अकोला, पुढे बसने यवतमाळ, पांढरकवडा करीत आदिलाबाद. दसऱ्याला जायचे आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यायचे. आखाजीला लोकांच्या लेकी माहेरी येत, झोके बांधत, आणि आमच्याकडे अण्णा माहेरी येत, असे तुझी आत्या म्हणायची. त्यांच्या सदऱ्याच्या शिवणीत अडकलेली रुई मी सुईच्या टोकाने काढत असे, आणि कानामागे राहिलेली तर दोन-दोन अंघोळी झाल्या तरी निघत नसे. तुझ्या आजी, जिजी, ओसरीवर बसून तो कधी येणार हे दिवेलागणीला रोज विचारायच्या, "तो कवय ई व माय?" आणि मी रोज "आखाजीले" म्हणत असे, मग तो कार्तिक असो की माघ.

तू पहिलीत होतीस तेव्हाची एक गोष्ट आहे. माझ्या शेजारी बसून तू अंतर्देशीय पत्रावरचा पत्ता पाटीवर उतरवत असायचीस. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी तुमच्या बाईंनी तुमच्याकडून गावाचे नाव लिहून घेतले. तू 'एरंडोल' चुकवलेस, 'येरनडोल' असे काहीतरी लिहिलेस, आणि खाली कोणी न सांगता 'आदिलाबाद' मात्र काना-वेलांटीसकट अचूक लिहिलेस. त्या बाईंनी कौतुकाने पाटी मला दाखवायला आणली. मीही शिक्षिकाच, मलाही कौतुकच वाटायला हवे होते. तुझी ओवी आता चार वर्षांची आहे. पुढचे वाक्य मी लिहिणार होते, पण लिहीत नाही.

पाहा, मी पुन्हा तिथेच आले. बाईने मूल मागे ठेवून जाऊ नये असे मी म्हणत आहे असा अर्थ कृपा करून काढू नकोस; पुरुषाने गेलेलेही पोराला तितकेच लागते, हे मी याच घरात पाहिले आहे. सुहासराव ओवीला तुझ्यापेक्षा बरे जेवू घालतात.

आता व्यवहाराचे लिहिते, कारण ते मला नीट येते. अण्णांनी २०१२ साली काम सोडले तेव्हा ग्रॅच्युइटीचा हिशेब आला. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्याप्रमाणे दर वर्षाला १५ दिवसांचा पगार मिळे, आणि महिना २६ दिवसांचा धरत. पण जो कारखाना हंगामीच चाले आणि ज्यात माणूस बारमाही कामाला नसे, तिथे दर हंगामाला ७ दिवसांचाच पगार द्यावा लागे. इथल्या जिनला तेलगिरणी जोडलेली असल्यामुळे अण्णा बारमाही होते. आदिलाबादला नुसते जिन, म्हणून ती सात वर्षे हंगामी ठरली. दर वर्षी ८ दिवस गेले, म्हणजे एकूण ५६ दिवसांचा पगार. पैशापेक्षा त्यांना लागले ते हे, की शेठजींच्या सांगण्यावरून गेलेला माणूस कागदोपत्री तिथला हंगामी कारकून म्हणून नोंदवलेला होता. बदलीचा हुकूम कधी निघालाच नव्हता, तिथे त्यांची नव्याने नेमणूक दाखवली होती.

म्हणून तू हे विचार, की तुला बदली देणार आहेत की तिकडच्या वेगळ्या नावाच्या कंपनीत नवी नेमणूक. पत्रात कंपनीचे पूर्ण नाव काय आहे, आणि तुझी पहिली रुजू तारीख कायम धरून सेवा सलग मानली जाईल असे वाक्य आहे का, ते वाच. सामान हलवण्याचे आणि पहिल्या महिन्याच्या राहण्याचे जे पैसे देतील, ते वर्षाच्या आत सोडून गेल्यास परत मागतात का, तेही बघ. परत येण्याची मुदत आणि परत आल्यावरचे पद दोन्ही त्याच पत्रात हवे. "नंतर ई-मेल टाकतो" हे उत्तर चालणार नाही.

तळेगावचे म्हणशील तर आकडा मोठा दिसतो खरा, पण त्या वार्षिक आकड्यात कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद मिळवलेली आहे का, ते आधी वजा करून पाहा. हातात किती येईल तेच खरे. शिवाय तुला सध्याच्या कंपनीत चार वर्षे चार महिने झाली आहेत. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षे लागतात. तू मूळ पगार ४०,००० सांगितला होतास. त्याला १५ ने गुणून २६ ने भागले आणि पाच वर्षे धरली तर १,१५,३८५ रुपये होतात. आठ महिन्यांसाठी एवढे सोडायचे असेल तर तळेगावच्यांकडून तेवढे आधीच मागून घे. मागायला लाजू नकोस. निर्वाह निधीचे पैसे मात्र काढू नकोस, खाते नव्या ठिकाणी वर्ग करून घे. पाच वर्षांच्या आत काढले तर त्यावर कर लागतो आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, ती मोडते. हे सगळे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, आणि मी पुन्हा वर्ग घेतल्यासारखे लिहीत सुटले आहे. माफ कर. सवय जात नाही.

आता एक अशी गोष्ट लिहिते जी अण्णांनाही मी कधी स्पष्ट सांगितलेली नाही. चौथ्या हंगामात त्यांनी मला लिहिले होते की जिनच्या मागे दोन खोल्या मिळत आहेत, तू बिनपगारी रजा टाक आणि जिजी व मीनलला घेऊन ये. मी उत्तर पाठवले की जिजींना हे घर सोडवत नाही. गावातही मी तेच सांगितले आणि लोकांनी माझी वाखाणणी केली. जिजींना मी प्रत्यक्षात विचारलेही नव्हते. मला माझी शाळा सोडायची नव्हती, खरे कारण हे होते. म्हातारीच्या नावावर मी ते खपवले आणि अण्णांनी मुकाट्याने मानले. शेठजींनी शब्द पाळला नाही ही कथा आपल्या घरात इतकी वेळा सांगितली गेली की त्याआड माझा वाटा झाकून गेला.

हे आज लिहिण्याचे कारण असे की रविवारी तू म्हणालीस, "तुम्ही दोघं तिकडे एकटे, अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, मी कशी जाऊ?" आमच्या नावावर काही टाकू नकोस. मोतीबिंदू जळगावला निघतो आणि संध्याकाळी माणूस घरी येतो. मधू गाडी घेऊन येणार आहे. तुला जायचे नसेल तर "मला जायचे नाही" असे म्हण, आणि जायचे असेल तर जा, आम्ही दोघेही त्यात आड येणार नाही. पण कागद घेतल्याशिवाय नको. पत्र आले की त्याचा फोटो आधी मला पाठव, मी चष्मा लावून शब्द न् शब्द वाचीन.

मधूबरोबर पाच किलो कळण्याचे पीठ, बामणोदची चार वांगी आणि ओवीसाठी बिबड्या पाठवत आहे. वांगी फ्रिजमध्ये ठेवू नकोस, त्याच दिवशी भाजून घे.

अण्णांना मी हे पत्र वाचून दाखवले, त्या एका परिच्छेदाखेरीज. ऐकून ते म्हणाले, "तिला म्हणावं, कागदावर शिक्का पण बघ." काल ते मला न सांगता जळगावला गेले होते. परत आल्यावर कॅलेंडरच्या मागच्या पानावर काही तरी लिहीत बसले. नंतर पाहिले तर चेन्नईला जाणाऱ्या नवजीवन एक्स्प्रेसची जळगावची वेळ होती. तिकीट किती पडते ते मात्र त्यांनी विचारलेले नाही.

तुझी,
आई