तोवर प्लग काढून ठेव

पैठण,
१८ मे

प्रिय सुभाष,

येलदरी धरणाच्या पाण्यात लोखंडी होडी उतरवलीस, झकास! वहिनींना सांग, मासे खायला येतोय. पण तुझं एक वाक्य वाचून हातातला चहा तसाच राहिला. ‘खोलीतून दोन तारी वायर ओढून होडीवर लाईट घेतलीय. होडी पाण्यातच, मग अर्थिंग कशाला?’

अरे, मीबी हेच म्हणायचो. गेल्या उन्हाळ्यात नाथसागराच्या बॅकवॉटरला एकाच्या होडीवर पंप बसवला. ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की लाईन तोडणारी स्विच, घडीघडी पडायची, मालक कावला, म्हणून मीच ती बायपास केली. वीस वर्षं वायरिंग करणारा माणूस! चार दिवसांनी गुडघाभर पाण्यात उभा राहून होडीच्या काठाला हात लावला, तर सुटेचना. वायर काठावर घासून सोलली होती. भाचा पाण्यात धावत यायच्या ऐवजी स्विचकडे पळाला, म्हणून हे पत्र लिहितोय.

एमसीबी, म्हणजे जादा करंटला लाईन तोडणारी स्विच, मात्र पडली नव्हती. कशी पडंल? होडी आणि जमीन यांच्यात पाण्याचा रोध समज 50 ओहम. 230 व्होल्टला साडेचार अँपियर जातील. 16 अँपियरच्या एमसीबीला वाटतं, कुणीतरी हजार वॅटची शेगडी लावलीय. तिकडं होडीभोवतीच्या पाण्यात करंट पसरलेला. समुद्राचं खारं पाणी अंगापेक्षा सहज करंट वाहून नेतं. धरणाचं गोडं पाणी तसं नेत नाही, त्यामुळं पोहणाऱ्याचं अंगच त्याला सोपी वाट. पंधरा-वीस मिलिअँपियरला हातपाय आखडतात, माणूस बुडतो. अंगावर भाजल्याची खूणही नसते, लोक म्हणतात दम लागला असंल.

तीन तारी रबरी केबल घे. हिरवी तार रंग खरवडून होडीला बोल्टनं आवळ, दुसरं टोक काठावरच्या अर्थिंगला. 30 मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे गळता करंट पकडणारी स्विच, खोलीतच, केबलच्या अलीकडं. तिचं टेस्टचं बटण महिन्याला दाबत जा. बटणावर ती पडलीच पाहिजे. पण एरवी आपोआप पडत असेल तर दोष शोध, माझ्यासारखा शहाणपणा करू नको.

खरं विचारशील तर होडीवर 230 नकोच. बारा व्होल्टची बॅटरी काठावर चार्ज कर, एलईडी लाव. फ्यूज मात्र बॅटरीच्या टर्मिनलजवळच, नाहीतर शॉर्ट झालं की वायर पेटते. अन् परतीची तार वेगळी घे, होडीच्या पत्र्यावर भागवू नको. पत्रा गंजून जाईल.

शनिवारी मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, घेऊन येतो. तोवर प्लग काढून ठेव, पोरांना होडीवरून उड्या मारू देऊ नको.

तुझा,
दत्ता