इन्व्हरीच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडमधल्या तुमच्या गावाहून पुण्याला परतल्यावर इंग्रजीत एक कार्ड पाठवलं होतं, ते मिळालं असेल. त्यात दोनदा ‘थँक यू’ लिहिलं आणि पुढे शब्द सुचेनात. म्हणून हे मराठीत लिहिते आहे. तुम्हाला कुणी वाचून दाखवलं तर आनंदच आहे, नाहीतर इथल्या माणसांना तरी तुमच्याबद्दल कळेल.

किनलॉख हॉर्नहून इन्व्हरी साधारण 25 किलोमीटर. सह्याद्रीत इतकी वर्षं चाललेल्यांना ते जड वाटलं नव्हतं. पण माम बॅरिसडेलची खिंड उतरताना पावसानं वाट निसरडी झाली, ह्यांचा गुडघा मुरगळला आणि पुढचं सगळं अंतर आम्ही काठ्यांच्या आधारानं कसंबसं काढलं. गावात पोचलो तोवर मॅलेग बंदराकडे जाणारी शेवटची बोट गेली होती. तुमच्या गावाला बाहेरून मोटाररस्ताच नाही. यायचं तर बोटीनं, नाहीतर पायी. भिजलेले, थंडीनं दात वाजणारे आम्ही दोघं ‘द ओल्ड फोर्ज’ या पबसमोर उभे राहिलो.

मी दाराशीच थबकले. आमच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती, पबची पायरी मी कधी चढले नव्हते. तुम्हीच दार उघडलंत. काही विचारायच्या आधी ह्यांची सॅक उतरवून घेतलीत आणि विस्तवाजवळची स्वतःची खुर्ची त्यांना दिलीत. एका बाईंनी घरी जाऊन कोरडे लोकरी मोजे आणले. मी पीत नाही म्हटल्यावर ‘थोडी तरी घ्या’ असं कुणी म्हणालं नाही, चहाची किटली आली. एवढं साधं, पण आपल्याकडेही न पिणाऱ्याला इतक्या सहज सोडत नाहीत. मग कलन स्किंक हे तिकडचं सूप आलं. धुरावलेला हॅडॉक, बटाटा, कांदा आणि दूध! मासा आणि दूध एकत्र खायचं नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्या रात्री मी वाडगा पुसून खाल्ला.

पण काका, मी आभार मानते आहे ते त्यानंतरच्या दोन तासांचे.

गावात दगडांचं एक स्मारक दिसलं, ते कशाचं, असं मी विचारलं. तुम्ही सांगितलंत: 1948 साली सात जणांनी, त्यातले बहुतेक लढाईवरून परतलेले, इथल्या जमीनदार लॉर्ड ब्रॉकेटच्या जमिनीवर आपापले तुकडे आखले होते. कोर्टाच्या हुकुमानं त्यांना ती सोडावी लागली. जमीन गावाच्या ताब्यात यायला 1999 उजाडलं. आणि हा पबही 2022 साली गावकऱ्यांनी पैसे जमवून विकत घेतला. ‘म्हणजे तू आमच्या सगळ्यांच्या घरात बसली आहेस,’ असं तुम्ही म्हणालात.

तेव्हा माझ्या तोंडून आजोळ निघालं. माझ्या आईचं गाव कोयना धरणात गेलं, शिवसागराच्या पाण्याखाली. घाटावरची माणसं खाली रायगडात आणून वसवली. आजी शेवटपर्यंत ‘आमच्याकडे’ म्हणायची ती त्या बुडालेल्या गावाबद्दलच. हे मी पुण्यात क्वचितच कुणाला सांगते, ऐकणारा लगेच विजेचा आणि विकासाचा विषय काढतो. तुम्ही मध्ये बोलला नाहीत. शेजारच्या टेबलावरची माणसंही खुर्च्या सरकवून जवळ आली. ‘किती घरं होती? देऊळ कुणाचं होतं? जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली का?’ हे असले प्रश्न मला आजवर कुणीच विचारले नव्हते. मग तुम्ही ग्लास उचलून ‘स्लाँज वा’ (गेलिकमध्ये ‘उत्तम आरोग्य लाभो’) म्हणालात, माझ्या गावासाठी. मी चहाचा कप उचलला आणि रडू आवरलं नाही.

झोपायला खोली तुम्हीच फोन करून मिळवून दिलीत, सकाळी ह्यांना गाडीनं धक्क्यावर सोडलंत. पैसे घ्या म्हटलं तर हात मागे घेतलात. त्याऐवजी बीअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा पुढे करून म्हणालात, ‘तुझ्या गावाचं नाव तुझ्या लिपीत लिही.’ मी लिहिलं. तो पुठ्ठा तुम्ही बाटल्यांच्या फळीवर उभा करून ठेवलात.

आईला हे सांगितलं. ती 79 वर्षांची आहे. तिनं एकच विचारलं, ‘नाव नीट लिहिलंस ना?’

तो पुठ्ठा अजून तिथं असेल, तर एक फोटो पाठवाल का? तिला दाखवायचा आहे.

तुमची,
त्या रात्रीची पाहुणी