शेतकऱ्याला शेती काय शिकवायची?

प्रिय पक्या,

"जन्मभर शेती केलेल्या माणसांना अमेरिकेत नेऊन शेती काय शिकवतात रे?" असं विचारलंस. प्रश्न बरोबर आहे तुझा, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी न टाकता नीट लिहितोय.

शेती कोणी शिकवतच नाही त्यांना. कॅन्सस सिटी शहराच्या कॅन्सस राज्यातल्या बाजूला जुनिपर गार्डन्स नावाची सरकारी घरांची वसाहत आहे, तिथे 2008 पासून न्यू रूट्स फॉर रेफ्युजीज हा निर्वासितांसाठीचा कार्यक्रम चालू आहे, कॅथलिक चॅरिटीज आणि कल्टिव्हेट कॅन्सस सिटी या दोन संस्थांनी मिळून सुरू केलेला. एका शेतकऱ्याला पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे, आणि मुदत चार वर्षं. बर्मा, भूतान, सोमालिया, बुरुंडी, काँगो, कुठून कुठून आलेली माणसं आहेत, आणि त्यात बायकाच जास्त.

मी शनिवारी बाजारात ज्या दिदींकडून भाजी घेतो त्या भूतानच्या. नेपाळी बोलतात, हिंदी समजतं, त्यामुळे आमचं छान जमतं. दक्षिण भूतानात हे लोक भात, वेलदोडा, संत्री पिकवायचे. 1990 च्या आसपास तिथल्या सरकारनं लाखभर लोकांना देशाबाहेर काढलं, मग नेपाळात झापा आणि मोरंगच्या छावण्यांमध्ये बांबूच्या झोपड्यात वीस-वीस वर्षं गेली, ना नागरिकत्व ना जमीन. 2007-08 पासून अमेरिकेनं त्यांना आणायला सुरुवात केली. वीस वर्षं शेतकऱ्याला शेताशिवाय ठेवलं रे, विचार कर. आणि इथे आल्यावर सुरुवातीची मदत जेमतेम तीन महिन्यांची, मग मटणाच्या कारखान्यात नाहीतर हॉटेलात साफसफाईला. पन्नाशीच्या बाईला इंग्रजी येत नसेल तर तेही मिळत नाही, चार भिंतींत बसून राहायचं.

मग या बाईला काय येत नाही? तर इथली थंडी. एप्रिलच्या मध्यापर्यंत पाणी गोठवणारी रात्र येऊ शकते, त्यामुळे मिरचीची रोपं आधी आडोशाला तयार करायची, जमिनीत लावायची घाई करायची नाही. गिऱ्हाईक काय घेतं, जुडी केवढी बांधायची, भाव काय लावायचा, हिशोब कसा ठेवायचा, हे हिवाळ्यात वर्गात शिकवतात, सोबत शेतापुरतं इंग्रजी. पहिल्या वर्षी बी, अवजारं, पाणी असा बहुतेक खर्च कार्यक्रम उचलतो, मग दरवर्षी शेतकऱ्याचा वाटा वाढतो आणि चौथ्या वर्षापर्यंत सगळा खर्च त्यानं स्वतः करायचा. मला हे फार आवडतं. दान म्हणून कायमचं हातात ठेवलेलं नाही काही.

पण सगळ्यात जास्त मला विक्रीबद्दल सांगायचंय, कारण तिथे मला तुझे आप्पा आठवतात. हमाली, तोलाई, अडत कापून हातात आलेली पट्टी बघताना त्यांचं तोंड कसं व्हायचं ते मी विसरलेलो नाही. इथे मधे अडत्याच नाही. शेतकरी बाजारात स्वतः बसतो, शिवाय काही घरं हंगामाच्या सुरुवातीलाच पैसे भरून ठेवतात आणि मग आठवड्याला एक पिशवी घेऊन जातात, म्हणजे बियाण्याच्या वेळी हातात रोकड असते आणि एखादं पीक गेलं तर थोडी झळ गिऱ्हाईकही सोसतं. पिशवीत टोमॅटो-काकडी असतातच, पण मोहरीची पानं, कारली, दुधी पण असतो, बर्मावाल्यांकडे तर लाल अंबाडी मिळते, ताजी! मी भाकरीसोबत खाल्ली, डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो. मोहरीची पानं उरली की दिदी ती आंबवून वाळवतात, त्याचं गुंद्रुक, हिवाळाभर पुरतं.

आता यातली अडचण पण सांगतो. दहा गुंठ्यात घर चालत नाही, पूरक उत्पन्न होतं फक्त, हे स्पष्ट म्हणायला हवं, उगाच बागेनं माणसं बरी होतात असं गोड लिहून भागत नाही. मानसिक आधार मिळतोच, तो मी दिदींच्या चेहऱ्यावर बघतो, पण त्यांना गिऱ्हाईक पाहिजे आणि चार वर्षांनंतर जमीन पाहिजे. काही जण शहरातल्या रिकाम्या प्लॉटवर पुढे करतात. मिनेसोटात लाओसहून आलेल्या हमोंग लोकांनी स्वतःची शेतकरी संघटना काढली, तिचं 155 एकरांचं शेत आहे, माझ्या मते खरा रस्ता तोच आहे, जमिनीचा निर्णय शेतकऱ्यांच्या हातात.

आणि 2025 नं तर पार वाट लावली. जानेवारीत निर्वासितांना देशात घेणंच थांबवलं, मार्चमध्ये लहान शेतकऱ्यांचा माल अन्नपेढ्यांसाठी, म्हणजे गरजूंना फुकट अन्न वाटणाऱ्या केंद्रांसाठी, विकत घेणारी सरकारी योजना रद्द केली. मला याचा राग येतो, खूप येतो, कारण या बायकांनी सांगितलेलं सगळं करून दाखवलंय. म्हणून यंदा मी ऑफिसातल्या लोकांच्या मागे लागलोय की पिशवीचे पैसे आधी भरा, थोडे तयार पण झालेत.

तुमच्या शेतकरी गटानं नाशकातल्या एकाच सोसायटीत असं आगाऊ पैसे घेऊन पिशवीचं करून बघितलं तर? भाजी कुठली आणि किती लावायची ते आप्पांना विचार, त्यांचा अंदाज चुकत नाही. त्यांना नमस्कार सांग, वहिनींना पण, आणि रविवारी फोन कर, मी घरीच आहे.

तुझा,
संज्या