डोळे ‘न वापरल्याने’ गेले नाहीत

महोदय,

रविवार पुरवणीतील गुहेतल्या जिवांवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत; पण अंधारात डोळे वापरलेच नाहीत म्हणून ते गेले, हे विधान टिकत नाही. मेक्सिकोतील अस्टियानॅक्स या गुहामाशाच्या भ्रूणात डोळा नेहमीसारखाच तयार होऊ लागतो. मग भिंगातल्या पेशी मरू लागतात आणि उरलेला डोळा खुंटून कातडीखाली जातो. यामामोटो आणि जेफ्री या संशोधकांनी नदीत राहणाऱ्या त्याच जातीच्या डोळस माशाचे भिंग गुहामाशाच्या भ्रूणात एकाच बाजूला बसवले, तर त्या बाजूला डोळा वाढला (हा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला). वेगवेगळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला, की काही पिल्लांना चक्क दिसते! कारण प्रत्येक गुहेत बिघडलेली जनुके तीच नसतात.

स्लोव्हेनियातील ओल्म हा सॅलॅमँडर (पालीसारखा दिसणारा उभयचर) म्हणजे ‘मासा आणि चतुष्पाद यांतला दुवा’, हे लेखातले विधानही चूक. त्याचे बाहेरचे कल्ले ही डिंभावस्था (पिल्लाची पाण्यातली अवस्था) आयुष्यभर टिकल्याची खूण आहे. पुढच्या पायाला तीन व मागच्याला दोनच बोटे, हीसुद्धा नंतर झालेली घट. दुवा दाखवायचाच तर ग्रीनलंडमधला, सुमारे 36.5 कोटी वर्षांपूर्वीचा अकँथोस्टेगा हा आद्य चतुष्पाद दाखवावा: पुढच्या पायाला आठ बोटे, आणि कल्ले माशासारखे आत.

केरळातील विहिरींत सापडणाऱ्या होराग्लॅनिस या आंधळ्या माशाचा मात्र लेखात उल्लेखही नाही.

– एक वाचक, पुणे