काकूंच्या हाताला करंट लावण्याआधी

मिरज,
रविवार

प्रिय नंदू,

काल फोनवर तू काकूंच्या पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हाताला यंत्राने करंट लावायचं म्हणत होतास, तेव्हा मागून ताईचं 'करंट नको रे, शॉक बसेल' ऐकलं आणि हसूच आलं. अण्णांना पक्षाघात झाला तेव्हा आमच्या आईचंही हेच पालुपद होतं.

फिजिओच्या बाई अण्णांच्या कोपराखाली यंत्राला जोडलेल्या दोन पट्ट्या चिकटवायच्या. आधी मुंग्या, मग बटण थोडं पुढे सरकवलं की निपचित पडलेला पंजा आपसूक वर! आई थेट देवघरात गेली. पण त्यात नवल काही नाही. पक्षाघातात बिघाड होतो मेंदूत. हाताच्या नसा, स्नायू शाबूत असतात, वरून हुकूम तेवढा येत नाही. तो हुकूम यंत्र देतं, सेकंदाला तीस-चाळीस बारीक ठोक्यांनी.

आमचं चुकलं ते पुढे. यंत्र घरी आणलं आणि अण्णा पट्ट्या लावून मजेत क्रिकेट बघायचे. एक दिवस बाई अचानक आल्या. "अण्णा, हात मशीन उचलतंय. तुम्ही काय करताय?" तेव्हापासून करंट आला की अण्णांनीही दात-ओठ खाऊन मनगट उचलायचं, पेला धरायचा. मेंदूला पुन्हा शिकायचंय ना, मग धडपड त्याचीच हवी. काकूंनाही हेच सांग. आणि तास-तास लावू नकोस. करंटने स्नायू लवकर दमतो.

काकूंचा पाय फरफटतो म्हणालास. त्यावरची युक्ती जुनीच आहे. १९६१ साली अमेरिकेत लिबरसन नावाच्या डॉक्टरांनी बुटाच्या टाचेत स्विच बसवला होता. टाच उचलली की गुडघ्याखालच्या नसेला करंट जायचा आणि पाऊल वर यायचं. आजची यंत्रं सुबक झाली, पण महागही. पावलाला आधार देणाऱ्या साध्या प्लास्टिकच्या पट्टीनेही (स्प्लिंट) चालण्याचा वेग जवळपास तेवढाच सुधारतो, तेव्हा भावनेच्या भरात पैसे ओतू नकोस.

काकूंना पेसमेकर नाही ना? असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हातही लावू नका. फिट येत असेल तर तेही आधीच सांग. त्या हाताला स्पर्श कळत नसेल, तर पट्टी काढल्यावर कातडी रोज नीट बघायची, भाजलं तरी त्यांना समजणार नाही.

अण्णा आता कप उजव्या हाताने धरतात, खालून डाव्याचा टेकू. शर्टाची बटणं अजून आईच लावते, आणि त्यावरून दोघांची रोज भांडणं.

बुधवारी येतोय. आमच्याकडे पट्ट्यांचं न फोडलेलं पाकीट आहे, घेऊन येतो.

तुझा,
दत्ता