जिंकलीस, पण टायमिंग कुठंय? केंद्रीय क्रीडामंत्र्यांना एक खुलं पत्र

माननीय केंद्रीय क्रीडामंत्री साहेब,

स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते. दहा हजार मीटर पळलेल्या बाईला थोडक्यात आवरायची सवय नसते, पंचवीस राउंड झाल्याशिवाय आम्ही थांबत नाही. मी एकेकाळी पळायचे, आता शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी चार-पाच मुलींना ट्रॅकवर नेते, स्टॉपवॉच माझ्या हातात आणि पाय त्यांचे, एवढाच काय तो फरक.

बऱ्याच वर्षांपूर्वीची एक नॅशनल. महिलांची दहा हजार, लाइनवर आम्ही नऊ जणी. बंदूक वाजली आणि कुणी पुढेच जाईना. पहिला राउंड ९१ सेकंद! साहेब, एवढ्यात तर आम्ही वॉर्मअप करायचो. सगळ्या एकमेकींच्या खांद्याकडे बघतायत, तू जा, नाही तू जा. मला किक नव्हती, शेवटच्या राउंडला माझ्याकडून काही निघत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून पाचव्या राउंडला मीच पुढे झाले, आणि मग सहा जणी माझ्यामागे डब्यांसारख्या लागल्या त्या थेट शेवटच्या राउंडची घंटा होईपर्यंत. समोरच्या सरळ पट्टीवर वारा तोंडावर यायचा, तो सगळा मी खाल्ला. घंटा झाली आणि तीन जणी सुर्रकन निघून गेल्या. मी चौथी.

पण मला माझं काही सांगायचं नाहीये, सांगायचंय ते पहिल्या आलेल्या मुलीचं. ती गवतावर बसून स्पाइक काढत होती, एक पाय बुटात, एक बाहेर, आणि निवडीतले एक साहेब येऊन उभ्याउभ्याच म्हणाले, "जिंकलीस, पण टायमिंग कुठंय?" ती दुसरा बूट काढायचीच विसरली. पुढच्या स्पर्धेच्या टीममध्ये तिचं नाव आलं नाही. आणि टायमिंग कुठं गेलं ते आम्हा नऊ जणींना माहीत होतं, ते पहिल्या चार राउंडांत सांडलं होतं.

आजही तेच चालू आहे म्हणून हे पत्र. एकाच रेसमध्ये तुम्ही, म्हणजे आपली निवडीची पद्धत, मुलीकडून दोन वेगळ्या गोष्टी मागता. जिंकायचं पण आणि टायमिंग पण काढायचं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात जातात हे ट्रॅकच्या कडेला उभं राहिलेल्या कुणालाही दिसतं, फाइल बघणाऱ्याला मात्र दिसत नाही.

हिशोब सांगते. पॅरिस ऑलिंपिकला महिला ५००० ची एंट्री, म्हणजे थेट प्रवेशासाठी लागणारं टायमिंग, होती १४:५२. म्हणजे साडेबारा राउंड, प्रत्येकी ७१ सेकंदांच्या आसपास. आता समजा ट्रायलला पहिले ३००० मीटर ८० च्या राउंडने गेले, जे आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे, तर दहा मिनिटं तिथेच संपली. उरलेल्या २००० साठी राहिले ४ मिनिटं ५२ सेकंद. आणि महिलांचा २००० मीटरचा जागतिक विक्रमच मुळात ५:१९.७० आहे, जेसिका हलने २०२४ ला मोनाकोत केलेला! म्हणजे सातव्या राउंडला टायमिंग मेलेलं असतं, पुढे फक्त नंबरासाठी पळणं उरतं. त्यानंतर मुलगी कितीही जीव तोडून पळाली तरी उपयोग नाही, आणि आपण मात्र शेवटचा राउंड बघून टाळ्या वाजवतो आणि म्हणतो काय किक आहे हो पोरीची.

मग पहिल्यापासून जोरात का पळत नाहीत, असं तुम्ही विचाराल. विचाराच. कारण पुढे पळणारी वारा खाते, पेस (वेग) सांभाळायचं टेन्शन तिच्याच डोक्यात, आणि मागची आरामात तिच्या पाठीला चिकटून शेवटच्या २०० ला निघून जाते. आणि दुसरं कारण ट्रॅकच्या बाहेर आहे. स्पोर्ट्स कोट्याच्या फॉर्मवर नंबर विचारतात, कितवी आलीस ते. चौथी येऊन स्वतःचं बेस्ट टायमिंग काढलेल्या मुलीला कुणी नोकरी देत नाही, आणि रडतखडत का होईना पण मेडल आणलेलीचं घर चालतं. बापाने शेतातलं काम सोडून तिला ट्रॅकवर सोडलेलं असतं, ती काय एंट्री स्टँडर्डसाठी मेडल घालवणार आहे का? मी तिच्या जागी असते तर मीही मागेच लपले असते. (तेव्हा लपले नाही, ते किक नव्हती म्हणून, मोठेपणा म्हणून नाही.)

स्लो रेस म्हणजे वाईट रेस, असं मात्र माझं अजिबात म्हणणं नाही. हांगझोऊ आठवा, २०२३ चं एशियाड. पारुल चौधरीने आदल्याच दिवशी स्टीपलचेसमध्ये (३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत) सिल्व्हर घेतलेलं, दुसऱ्या दिवशी ५००० पळाली, जपानची हिरोनाका पुढे होती आणि शेवटच्या काही मीटरमध्ये पारुलने तिला गाठलं, गोल्ड. टायमिंग १५:१४.७५. पॅरिसच्या एंट्रीपेक्षा २२ सेकंद जास्त! तिथे कुणी विचारलं का टायमिंग कुठंय म्हणून? नाही, कारण ती रेस जिंकायसाठी होती आणि तिने ती जिंकली. आता तीच पारुल, तेच वर्ष, फक्त महिना दीड महिना आधी, बुडापेस्टची वर्ल्ड चॅम्पियनशिप. स्टीपलच्या फायनलला ती अकरावी आली, आणि ९:१५.३१ चा नॅशनल रेकॉर्ड करून पॅरिसला क्वालिफाय झाली, एंट्री ९:२३ होती. गोल्ड घेतलं तिथे ऑलिंपिकचं टायमिंग नाही आणि अकरावी आली तिथे ऑलिंपिक. इव्हेंट वेगळे आहेत, मान्य, पण मुद्दा तोच. बुडापेस्टला पुढे वेगात पळणाऱ्या होत्या, त्यांनी ओढून नेलं. आपल्या ललिता बाबरचंही तसंच, साताऱ्याच्या माणदेशातली पोर, रिओ ऑलिंपिकला हीटमध्येच (प्राथमिक फेरीत) ९:१९.७६ काढून फायनलला गेली आणि दहावी आली. आणि पारुलने ५००० चा जुना रेकॉर्ड मोडला तोही लॉस एंजेलिसजवळच्या मीटमध्ये, १५:१०.३५, मे २०२३. तो जुना रेकॉर्ड प्रीजा श्रीधरनचा, २०१० चा, १५:१५.८९. म्हणजे साडेबारा वर्षं तो हलला नव्हता, आणि हलला तेव्हा परदेशात. देशात तसं पळायला रेसच नव्हती हो.

प्रीजाचं नाव निघालं म्हणून सांगते, २०१० च्या ग्वांगझू एशियाडला दहा हजारमध्ये प्रीजा ३१:५०.४७ आणि आपली सावरपाड्याची कविता राऊत ३१:५१.४४. गोल्ड आणि सिल्व्हर, मध्ये एक सेकंद पण नाही. मी ती रेस किती वेळा बघितली असेल. दोघी एकमेकींना धरून पळाल्या म्हणून दोघी तिथे पोचल्या, एकटी कुणीच पोचली नसती असं मला वाटतं. दोन जणी सोबत वेगात पळाल्या की काय होतं याचा यापेक्षा मोठा पुरावा आपल्याकडे नाही.

आणि उलटा पुरावा म्हणजे चित्रा. पी. यू. चित्राने २०१७ ला भुवनेश्वरच्या एशियन चॅम्पियनशिपमध्ये १५०० चं गोल्ड घेतलं, ४:१७.९२. स्लो रेस होती, पण आशियाची चॅम्पियन म्हणून लंडनच्या वर्ल्डला जायचा तिचा मार्ग नियमानेच मोकळा झालेला. भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने तिला टीममध्ये घेतलं नाही. ती केरळ हायकोर्टात गेली, कोर्टाने घ्या म्हणून सांगितलं, तोवर एंट्रीची मुदत संपलेली, आंतरराष्ट्रीय संघटनेने नकार दिला. विषय संपला. आता त्या निवडीवर दोन मतं असू शकतात, माझं एकच आहे, पण ते राहू दे. प्रश्न असा की नियम पळायच्या आधी सांगायचा का नंतर?

आता तर काम आणखी अवघड झालंय. दहा हजारची एंट्री टोकियो ऑलिंपिकला ३१:२५ होती, पॅरिसला ३०:४० झाली, आणि २०२५ च्या टोकियो वर्ल्डला ३०:२०. चार वर्षांत ६५ सेकंद खाली! दुसरा रस्ता वर्ल्ड रँकिंगचा, तिथे टायमिंगचे पॉइंट आणि नंबरचे पॉइंट दोन्ही धरतात, अंकिता ध्यानी पॅरिसच्या ५००० ला त्याच रस्त्याने गेली. म्हणजे जगाने टायमिंग आणि नंबर यांना वेगवेगळे मार्क ठेवलेत. आपण अजून दोन्ही एकाच पेपरात मागतोय, तेही ऐन उकाड्यात. २०२३ ची इंटर-स्टेट (राज्याराज्यांमधली राष्ट्रीय स्पर्धा), जी हांगझोऊची ट्रायल होती, ती जूनच्या भुवनेश्वरात, २०२४ ची पंचकुलात, तीही जूनच्या शेवटी. त्या उकाड्यात ७१ चे राउंड लावून दाखवा म्हणणाऱ्याने आधी तिथे सावलीत अर्धा तास नुसतं उभं राहावं.

साहेब, निवड तुमचं खातं करत नाही, महासंघ करतो, मला माहितेय. पण शिबिरांचा आणि स्पर्धांचा पैसा एसीटीसी, म्हणजे प्रशिक्षण आणि स्पर्धांच्या वार्षिक कॅलेंडरमधून तुमच्याकडूनच जातो ना, मग त्या पैशाबरोबर दोन ओळी लिहून पाठवा एवढंच मागणं आहे.

दोन रेस वेगळ्या करा. इंटर-स्टेट आहे तशी राहू दे, तिथे फक्त नंबर बघा, तिथे मुली डोकं लढवू देत, कोण कधी निघतं, कोण कुणाला बॉक्स करतं (घोळक्यात कोंडून धरतं), ते शिकल्याशिवाय एशियाड जिंकता येत नाही. आणि त्याच्या आधी थंडीच्या दिवसांत, रात्री, निदान दोन रेस फक्त टायमिंगसाठी ठेवा. ५००० आणि १०,०००. पेसर, म्हणजे पुढे पळून ठरलेला वेग धरून देणाऱ्या, ठेवा, मानधन देऊन, बिब (छातीवरचा नंबर) लावून, रीतसर एंट्री केलेल्या, आणि त्या मुलीच हव्यात. १५०० वाल्या मुली आहेत आपल्याकडे, त्यातली एखादी ७१-७२ ने सहा-सात राउंड ओढून नेईल, तिलाही चार पैसे मिळतील. आज काय होतं, वर्षभर आमच्या मुली प्रॅक्टिसला मुलांच्या पाठीमागे पळतात, पुढे एक पाठ असते, तिच्याकडे बघत राउंड निघून जातात, आणि रेसच्या दिवशी ती पाठच गायब. मुलांना मुलींच्या रेसमध्ये घुसवा असं सुचवणारे पण भेटतात, पण मिक्स रेसचं टायमिंग एंट्रीसाठी सहसा धरतच नाहीत, ५००० आणि १०,००० ला जी थोडी सवलत आहे तीही पुरेशा मुली नसतील तरच, आणि त्यातही मुलाने मुलीला पेस दिलेला चालत नाही. तेव्हा तो शॉर्टकट नको. परदेशात ट्रॅकच्या आतल्या कडेला पेसचे दिवे लावतात, २०२० ला इथिओपियाच्या गिडेने ५००० चा विश्वविक्रम त्या दिव्यांच्या साथीने केला. आपल्याला जमले तर लावा, नसतील तर पेसर पुरे. स्पर्धा जागतिक संघटनेच्या कॅलेंडरवर मात्र नोंदवा, नाहीतर सगळा घाम फुकट.

महासंघाची बाजूही मी ऐकलीय. छोट्या मीटमधल्या टायमिंगवर विश्वास कसा ठेवायचा, डोपिंगचं काय. बरोबर आहे त्यांचं, खोटं कशाला बोलू, मीही काही टायमिंग बघून भुवया उडवल्यात. म्हणूनच तर म्हणते की मीट तुमचीच ठेवा, टेस्टिंगवाले पण तिथेच बसवा, फिनिशला आणि हॉटेलला सुद्धा. ज्यांना घाबरायचं ते येणार नाहीत, रेस तेवढीच स्वच्छ होईल.

आणि निकष सीझन सुरू व्हायच्या आधी लेखी लावा. कुठली रेस नंबरासाठी, कुठली टायमिंगसाठी, दोन्हीत कमी-जास्त झालं तर कोण आत. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात ट्रायब्युनल (क्रीडा न्यायाधिकरण) आहे, चांगलं आहे, पण एंट्रीची मुदत संपायच्या आत निकाल लागेल अशी तजवीज करा, नाहीतर चित्राला मिळाला तसा न्याय मिळतो, कागदावर.

आमच्याकडे सध्या एक मुलगी आहे, १९ वर्षांची. परवा संध्याकाळी तिला मुलांच्या मागे ७६ ने पळवलं, दहा राउंड, एकही चुकला नाही. ७६ म्हणजे प्रीजाचा ग्वांगझूचा पेस, पण तिचे अजून दहाच होतात आणि प्रीजाने पंचवीस मारलेले, ते मी तिला सांगितलंय. ती म्हणाली, "मॅडम, नॅशनलला पुढे कोण असणार?" मी म्हटलं, बघू.

थंडीतल्या त्या रेसची तारीख ठरली तर जरा लवकर कळवा. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि गेल्या वेळी आम्ही वेटिंगवर दरवाज्यात बसून गेलो होतो, तिच्या पायाला ते बरं नाही.

आपली,
एक माजी धावपटू, सध्या पीटीच्या मॅडम